नवी धूरभट्टी कोणती घ्यावी?

जुनी वस्तू टाकून नवी घ्यावयास निघालेला मनुष्य नव्या वस्तूचे गुण मोठ्या हौसेने मोजतो. जुनी का निकामी झाली, हा प्रश्न मात्र तो स्वतःस क्वचितच विचारतो. वस्तुतः निवडीचा आरंभ या दुसऱ्या प्रश्नापासून व्हावयास पाहिजे. तसा तो होत नाही म्हणूनच दुकानदारांचे फावते, असे आमचे स्पष्ट मत आहे. ज्या प्रसंगाने हे मत दृढ झाले, तो वरवर पाहता इतका क्षुल्लक आहे की, त्यावर या मासिकाची पाने खर्ची घालावी काय, अशी शंका प्रथम आम्हांसही आली. परंतु त्या प्रसंगी आमच्या विरुद्ध बाजूने जी मते मांडली गेली, ती आपल्याकडील सुशिक्षित घरांतूनही आता रोज ऐकू येतात. तेव्हा त्यांचा परामर्श घेणे अप्रस्तुत होणार नाही.

आमचा भाचा अमेरिकेच्या टेक्सास संस्थानात, ऑस्टिन शहराबाहेरच्या एका वस्तीत, गेली वीस वर्षे राहतो. गेल्या उन्हाळ्यात आम्ही त्याजकडे जावयाचे ठरले, तेव्हा निघण्यापूर्वीच त्याने फोनवर सांगितले, "मामा, तुम्ही आलात की स्मोकर बदलायचा आहे." घरात सिगारेट ओढणारा कोणी शिरला की काय, अशी भीती आमच्या मनास क्षणभर चाटून गेली, हे कबूल केले पाहिजे. पुढे उलगडा झाला तो असा, की परसात मांस धुरावर मंद शिजविण्याचे जे लोखंडी साधन असते, त्यास तिकडे स्मोकर म्हणतात. आम्ही त्यास यापुढे धूरभट्टी म्हणू.

भाच्याची भट्टी होती ती अशी: एक जाड पत्र्याचा आडवा नळकांडा, त्याच्या एका टोकास किंचित खाली जोडलेली जळणाची पेटी आणि दुसऱ्या टोकास धुराडे. विस्तव पेटीत, पदार्थ नळकांड्यात. ज्वाळेची व पदार्थाची दृष्टभेटही होत नाही. पेटीतून निघालेली ऊब व धूर पदार्थावरून वाहत जाऊन धुराड्यावाटे बाहेर पडतात. टेक्साससारख्या तेलाच्या मुलुखात जाड नळ व ते जोडणारे वेल्डर यांची वाण नव्हती. तेव्हा या आकाराच्या भट्ट्या तेथे रूढ झाल्या यात नवल नाही. आत उष्णता सुमारे २२५ ते २५० अंश फॅरनहाइट, म्हणजे १०७ ते १२१ अंश सेल्सिअस, ठेवावयाची आणि बारा-बारा, चौदा-चौदा तास ठेवावयाची. गुराच्या छातीचे चिवट मांस, ज्यास ब्रिस्केट म्हणतात, ते त्या लोकांचे मुख्य पक्वान्न. त्यातील स्नायूंस बांधून ठेवणारे कोलॅजेन नावाचे द्रव्य मंद उष्णतेत तासन्‌तास राहिले म्हणजे विरघळून त्याचे जिलेटीन होते, आणि जे चामड्यासारखे होते ते बोटांनी तुटू लागते. येथे आमचे कित्येक वाचक नाक मुरडतील. त्यांस आम्ही इतकेच सांगतो की, कोणी काय खावे हा या लेखाचा विषय नव्हे. त्याच भट्टीत कोंबडी, मासे, मक्याची कणसे व टोमॅटोही शिजतात. आमचा स्वतःचा अनुभव कोंबडी, कणसे व टोमॅटो येवढ्यापुरताच आहे, आणि धुरावलेल्या टोमॅटोंची आमच्या भाचेसुनेने केलेली चटणी आम्ही अद्याप विसरलो नाही.

आता भट्टी का बदलावयाची? तर जळणाच्या पेटीचा तळ गंजून त्यास भोक पडले होते आणि एके रविवारी निखारे खालच्या गवतावर सांडले. झाले; भट्टी जुनी झाली, असा निकाल लागला आणि आम्हां सर्वांची मिरवणूक एका भल्यामोठ्या दुकानात गेली. तेथील विक्रेता मोठा मधुरभाषी गृहस्थ होता. त्याने आम्हांस एका चकचकीत यंत्रासमोर उभे केले आणि त्याचा सर्व महिमा दोन शब्दांत सांगितला: लावा आणि विसरा.

या यंत्राची रचना समजून घेतल्यावाचून त्यावर टीका करणे न्यायाचे होणार नाही. ओरेगॉन संस्थानातील जो ट्रेगर यांनी १९८५ च्या सुमारास ही कल्पना पुढे आणली. पुढे त्यांच्या पेटंटाची मुदत संपल्यावर अनेक कारखानदार ही यंत्रे काढू लागले. यात लाकूड नसते. लाकडाचा भुसा दाबून केलेल्या, पेन्सिलीच्या जाडीच्या लहान कांड्या असतात. एक मळसूत्री दांडा त्या कांड्या थोड्या थोड्या पुढे ढकलून एका वाटीएवढ्या भांड्यात टाकतो, विजेची तप्त सळई त्या पेटविते, पंखा वारा घालतो आणि एक विद्युत्‌यंत्रणा आतील उष्णता पाहून दांड्यास व पंख्यास हुकूम सोडते. मालकाने हवा तो आकडा लावावयाचा आणि निजावयास जावयाचे. पहाटे जाग आलीच तर पांघरुणातूनच फोनवर आकडा पाहावयाचा. युक्ती अचाट आहे, यात संशय नाही.

परंतु या युक्तीच्या पोटातच एक मौज दडलेली आहे, ती विक्रेत्याने सांगितली नाही. पंख्याच्या वाऱ्याने लहानशा भांड्यात या कांड्या इतक्या चोख जळतात की, त्यांपासून धूरच फार थोडा निघतो. ज्या धुरासाठी हा सारा खटाटोप, तोच पातळ होतो! मग कित्येक यंत्रांत 'अधिक धूर' असे एक बटण ठेवावे लागते. ते दाबले म्हणजे विस्तव मुद्दाम थोडा वाईट जळू लागतो. अमुक झाडाच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या कांड्यांत पुष्कळदा मुख्य भरणा ओक किंवा आल्डर या लाकडांचा असतो, आणि दमट हवेत त्या फुगून पुन्हा भुसा होतात व दांडा अडकवून ठेवतात, हेही येथेच नमूद करणे बरे. आम्ही विक्रेत्यास विचारले, "आठ वर्षांनी ही विद्युत्‌यंत्रणा बिघडली, तर हाच भाग मिळेल काय?" तो हसून म्हणाला, "तोपर्यंत तुम्हांलाच नवे मॉडेल घ्यावेसे वाटेल." त्याच्या या उत्तरात जेवढे सत्य होते तेवढे दुकानातील सगळ्या पाट्यांत मिळून नव्हते.

घरी आल्यावर वादास तोंड फुटले. भाच्याचे तीन-चार मराठी मित्र सहकुटुंब जेवावयास आले होते, आणि एकटे आम्ही सोडून सारी पंगत यंत्राच्या बाजूची होती. आमच्यावर जे आक्षेप आले त्यांपैकी एक खरोखर वजनदार होता, आणि तो घेतला एका डॉक्टरीणबाईंनी. त्या म्हणाल्या, "सर, तुम्ही विस्तवाचे गोडवे गाता, पण आमच्या आजीचे डोळे चुलीच्या धुराने गेले. गॅस आला तेव्हा बायका सुटल्या. आता विस्तव राखण्याच्या कामातून माणूस सुटतो आहे, तर तुम्हांला वाईट का वाटावे?"

या आक्षेपास उत्तर न देता जो पुढे जाईल त्याने या विषयावर लिहूच नये. बाईंचे म्हणणे अक्षरशः खरे आहे. आमच्या आईनेही कोंदट स्वयंपाकघरात फुंकणीने विस्तव फुंकीत आयुष्य काढले, आणि तिचा खोकला आमच्या कानांत अजून आहे. २०१६ साली सरकारने गरीब घरांस गॅसजोडण्या देण्याची उज्ज्वला योजना काढली ती यासाठीच. रोज दोन वेळा, बंद खोलीत, दुसऱ्यांच्या पोटासाठी आणि स्वतःच्या मर्जीवाचून जो धूर खावा लागे, त्याची भलावण करणारा मनुष्य एक तर निर्दय असला पाहिजे किंवा त्याने चूल कधी पेटविलेली नसली पाहिजे.

परंतु परसातील धूरभट्टी ही त्या चुलीची वंशज नव्हे. भाच्याच्या घरात गॅसची शेगडी आहे, विजेची भट्टी आहे, आणखी दोन-तीन यंत्रे अशी आहेत की ज्यांचा उपयोग आम्हांस अखेरपर्यंत कळला नाही. भुकेसाठी तेथे कोणासही धुरात बसावे लागत नाही. जो धूरभट्टी पेटवितो तो महिन्यातून एक-दोनदा, उघड्या आकाशाखाली, केवळ आपखुशीने पेटवितो. आणि बहुधा तो घरातील पुरुष असतो, ही गोष्टही बाईंनी ध्यानात घ्यावी. तेव्हा सुटका कोणाची व्हावयाची राहिली आहे? ज्यास विस्तवाचा त्रास नको त्याच्यासाठी घरात ओव्हन मौजूद आहे. त्याने तो खुशाल वापरावा, आम्ही त्याच्या ताटात डोकावणार नाही. पण विस्तवाच्या हौसेने परसात जावयाचे आणि विस्तवाशी संबंध येऊ नये म्हणून हजार-दीड हजार डॉलर मोजावयाचे, हा तर्क आमच्या बुद्धीस पेलत नाही.

दुसरा आक्षेप असा की, आम्ही शास्त्राचे विरोधक आहो. हा आरोप आम्हांस मुळीच मान्य नाही. भट्टीस चांगला तापमापक असावा, मांसात खुपसावयाचा दुसरा असावा, असा आग्रह प्रथम आम्हीच धरला. झाकणावर बसवून येणारी स्वस्त तबकडी पुष्कळदा चुकते आणि ती जाळीपासून बरीच वर असल्यामुळे पदार्थाजवळची ऊब सांगतही नाही. शास्त्रानेच आम्हांस हेही शिकविले आहे की, मांसाची आतली उष्णता दीडशे-एकशेसत्तर अंश फॅरनहाइटच्या दरम्यान येऊन तासन्‌तास अडून बसते, याचे कारण विस्तव कमी पडला हे नसून, मांसाच्या पृष्ठभागावरील ओलावा उडून जाताना त्यास थंड करीत असतो, हे आहे. आपल्या मातीच्या माठातील पाणी ज्या न्यायाने थंड राहते त्याच न्यायाने हे मांस थंड राहते. हे ज्यास ठाऊक नाही तो घाबरून जळण वाढवितो आणि पदार्थ बिघडवितो. ज्यास ठाऊक आहे तो स्वस्थ बसतो. परंतु सांगणारे यंत्र आणि करणारे यंत्र यांत आम्ही भेद करतो. तापमापक मालकास शहाणा करतो. आकडा लावून निजविणारी यंत्रणा त्याला शहाणपणाची गरजच ठेवीत नाही. शास्त्राचे विद्यार्थी या दोहोंपैकी कोणाच्या हाताखाली तयार होतात, हे तीस वर्षे शिकविण्यात घालविल्यावर आम्ही थोडेफार सांगू शकतो.

आणि येथे आम्हांस भाच्याच्या मुलीविषयी लिहिले पाहिजे, कारण आमचा राग मूळचा तिच्यामुळे. ती बारा वर्षांची आहे. अभ्यासात जेमतेम, बोलण्यात अबोल. पण जुन्या भट्टीजवळ तिचे एक राज्य होते. झडप किती उघडावी, नवी फोड केव्हा घालावी, हे ती बापापेक्षा चांगले जाणत असे. तिच्यापाशी एक वही होती. तीत वेळ, वारा, लाकूड व धुराचा रंग यांच्या नोंदी होत्या. लाकूड कोंडले म्हणजे दाट पांढरा धूर निघतो व त्याने पदार्थ कडवट होतो, आणि विस्तव मोकळा श्वास घेऊ लागला म्हणजे धूर इतका विरळ व निळसर होतो की तो आहे की नाही हे पाहावे लागते, ही गोष्ट आम्हांस पुस्तकाने नव्हे, तिने शिकविली. "आजोबा, निळा झाला, आता कणसं ठेवा," असे ती आम्हांस हुकूम करी. टेक्सासातील मेस्कीट नावाचे झाड म्हणजे आपल्याकडे माळरानावर माजलेल्या वेड्या बाभळीचे जवळचे भावंड, ही एकच गोष्ट आम्ही तिला सांगू शकलो. तिने तीही वहीत उतरून घेतली. दुकानात विक्रेता यंत्राचे गुण गात असता तिने बापास हळूच विचारले, "मग यात मी काय करायचं?" भाच्याने उत्तर दिले नाही. विक्रेत्याने दिले: "काहीच नाही. हीच तर यातली गंमत."

येथवर वाचून लाकडाचे कट्टर उपासक टाळ्या पिटतील, म्हणून त्यांचाही समाचार घेणे भाग आहे. हा पंथ अलीकडे फार बोकाळला आहे. २००९ साली ऑस्टिनमध्ये एका साध्या गाडीवर धंदा सुरू करणारे ॲरन फ्रँकलिन यांची कीर्ती झाल्यापासून ज्यास त्यास त्यांच्यासारखी जाड लोखंडाची अजस्र भट्टी परसात हवी असते. लाकडाखेरीज दुसरे काही जाळणारा तो पाखंडी, असे हे लोक मानतात. आम्ही लॉकहार्ट गावी ब्लॅक कुटुंबाचे १९३२ पासून चालत आलेले दुकान पाहिले; तसल्या ठिकाणी मोठी भट्टी शोभते, कारण ती रोज पेटते व तिच्यापाशी पिढीजात माणसे असतात. त्या विद्येमागे जर्मन व चेक खाटिकांचा धंदा आहे आणि त्याहून जुने असे आफ्रिकी गुलामांचे व त्यांच्या वंशजांचे खड्ड्यातील विस्तवावरचे कष्ट आहेत. वर्षातून तीनदा पाहुणे बोलावणाऱ्या संगणक-अभियंत्याने अर्ध्या टनाचे लोखंड अंगणात आणून ठेवणे हे निव्वळ ऐश्वर्यप्रदर्शन होय. एका ब्रिस्केटसाठी दर पाऊणएक तासाला फोड घालीत रात्र जागावी लागली की दुसऱ्या खेपेस हौस फिटते आणि भट्टीवर कुंड्या चढतात. अशा कुंड्या आम्ही त्याच गल्लीत दोन घरी पाहिल्या.

या दोन टोकांच्या मध्ये साधी, स्वस्त व टिकाऊ साधने आहेत; परंतु त्यांवर कोणी व्याख्याने देत नाही. १९५२ साली शिकागोजवळ जॉर्ज स्टीफन नावाच्या कारागिराने समुद्रातील लोखंडी तरंडाचे दोन भाग करून झाकणाची गोल शेगडी बनविली. तिच्यात एका कडेस थोडे निखारे व दुसऱ्या कडेस पदार्थ ठेवून झाकण लावले की लहान कुटुंबास पुरेल इतके धुराचे काम उत्तम होते. त्याच घराण्यातील उभे, मध्ये पाण्याचे भांडे असलेले साधन एकदा कोळसा भरला म्हणजे रात्रभर चालते. त्यास वीज लागत नाही, आणि झडपा मात्र समजून लावाव्या लागतात. जपानी चुलीवरून बेतलेली जाड मातीची अंडाकृती भट्टी अटलांटात १९७४ पासून विकली जाते. तीही तासन्‌तास एका आकड्यावर राहते. आपल्या मतास अडचणीची असूनही ही गोष्ट आम्ही लपवीत नाही. मात्र ती पडली की तडकते आणि उचलावयास दोन माणसे लागतात. ज्याची भट्टी खरोखरच मेली असेल त्याने यांतून निवडावी आणि निवडताना रंग पाहू नये. पत्रा किती जाड, झाकण किती घट्ट बसते, झडपा हाताने सहज फिरतात काय, एवढे पाहावे. आणि बिघडल्यास गावचा लोहार ती दुरुस्त करील काय, हे अवश्य विचारावे. ज्याच्या पाठीत जोर नाही किंवा हात थरथरतात, अशा म्हाताऱ्याने विजेचे यंत्र घेतले तर त्यास आमची पूर्ण संमती आहे. धूरयुक्त मांस वारंवार खाणे प्रकृतीस चांगले नाही, हेही खरे; जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने प्रक्रिया केलेले मांस, ज्यात धुरवून टिकविलेले मांसही येते, २०१५ साली कर्ककारक ठरविले. तेव्हा जे क्वचितच करावयाचे ते नीट करावे, याला आणखी एक आधार मिळतो.

परंतु भाच्याची भट्टी खरोखरच मेली होती काय? परत येण्याच्या आदल्या दिवशी आम्ही खाली वाकून ती स्वतः तपासली. नळकांडा धडधाकट, झाकण घट्ट, धुराडे शाबूत. कुजला होता तो फक्त पेटीचा तळ, आणि तोही एका बाजूने, जेथे राख साचत होती तेथे. मग चौकशी केली तेव्हा सारे बाहेर आले. भट्टी विझली की राख तशीच आत राही. तिकडचा पाऊस आपल्यासारखा चार महिन्यांत मावत नाही, केव्हाही येतो. झाकणाचे कापड दोन वर्षांपूर्वी फाटले ते फाटलेच. ओली राख ओलावा व क्षार लोखंडास चिकटवून ठेवते, आणि असे लोखंड किती दिवस टिकणार? म्हणजे जुनी भट्टी गेली ती म्हातारपणाने नव्हे. ती गेली मालकाच्या विसराने. आणि तिच्या जागी जे यंत्र आणावयाचे त्याचे ब्रीद काय, तर 'लावा आणि विसरा'! त्या यंत्राच्याही भांड्यात राख साचतेच. ती काढली नाही तर पेटविणारी सळई काम देत नाही आणि यंत्र मध्येच बंद पडते. ज्या दुर्गुणाने अकरा वर्षांची भट्टी खाल्ली तोच गुण म्हणून विकत घ्यावयाचा, आणि वर त्यास प्रगती म्हणावयाचे, याहून अधिक विचित्र सौदा आम्ही पाहिलेला नाही.

हे आम्ही भाच्यास स्पष्ट सांगितले. त्यास राग आला; तो दिवसभर आमच्याशी मोजकेच बोलला. मामांनी भाच्याच्या घरच्या खरेदीत पडू नये, असे आमच्या सौभाग्यवतींचेही मत पडले, आणि ते बहुधा बरोबर असावे. परंतु गेल्या आठवड्यात त्याचे पत्र आले. जवळच्या एका खेड्यात गुरांच्या वाड्यांची फाटके बनविणारा वेल्डर त्यास भेटला असून तो तळ बदलून द्यावयास तयार आहे. मात्र यंत्राचा विचारही त्याने सोडलेला नाही, कारण दुकानातील सवलत नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी, त्यांच्या थँक्सगिव्हिंगच्या सणापर्यंत, आहे. मुलीचे काय म्हणणे आहे, याविषयी त्याने एक अक्षरही लिहिलेले नाही.

आम्ही उलटटपाली उत्तर धाडले ते येणेप्रमाणे: पत्रा पाव इंच जाडीचा घ्यावा; जस्ताचा मुलामा असलेला मुळीच घेऊ नये, तो तापला म्हणजे विषारी वाफा निघतात. तळापासून चार बोटे वर जाळी बसवावी, म्हणजे निखारे पत्र्यावर बसणार नाहीत. बाहेरून उष्णता सोसणारा रंग द्यावा, आतून तेलाचा हात फिरवून एकदा रिकामी भट्टी तापवावी, नवे कापड आणावे. भट्टी पुरती निवाली की दुसऱ्या सकाळी राख काढावी, आणि हे काम मुलीवर न टाकता त्याने स्वतःकडे ठेवावे.